भाताच्या खोलीतला समुद्र

आई गेल्यावर बाबांनी बोलणं टाकलं. जेवायला बसायचे, चतकोर भाकरी कुस्करायचे आणि ओटीवर जाऊन आडवे व्हायचे. मी आधी समजावलं, मग चिडलो, मग डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना कशात तरी गुंतवा. सांगायला काय जातं? भिवपुरीच्या पावरहाऊसमध्ये उभी हयात पाण्याच्या झडपा सांभाळलेला माणूस. भजनात त्यांचा जीव रमत नव्हता आणि शेत वाट्याने दिलेलं होतं.

खाऱ्या पाण्यातल्या माशांचं वेड माझं, त्यांचं नव्हे. भाताच्या खोलीतली रिकामी कणगी बाहेर काढून मी तिथे काचेची टाकी मांडली. आरओचं पाणी घ्यायचं, त्यात पाकिटातलं समुद्री मीठ कालवायचं, पंपाने ते फिरतं ठेवायचं आणि त्यात हळूहळू प्रवाळ वाढवायचे, असा सगळा खटाटोप. शेजारचे काका येता-जाता विचारायचे, "कालवण कधी रं?" आमच्याकडे मासा म्हटला की पुढचा शब्द कालवणच.

एका रविवारी पंपाचा आवाज ऐकून बाबा दारात येऊन उभे राहिले. वाकून पंपाकडे बघितलं. मग म्हणाले, "झडप उलटी बसवलीस रं."

आई गेल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं धड वाक्य. माझे डोळे भरून आले, आणि झडप खरंच उलटी होती म्हणून रागही आला.

तिथून पुढे तो संसार माझा राहिला नाही. एकीच्या तीन टाक्या झाल्या. बाबांनी त्या पायऱ्यांसारख्या मांडल्या. वरच्या टाकीतलं पाणी मधलीत, मधलीतलं खालचीत, तिथून जमिनीवरच्या हौदात आणि पंपाने परत वर. सगळं डोकं पावरहाऊसचं. प्रत्येक टाकीचं पाणी वेगळं ठेवलेलं बरं, म्हणजे एकीतला रोग दुसरीत जात नाही, असं मी वाचलं होतं. पण बाबा स्वतः शिळफाट्याला जाऊन, दुकानदाराशी हुज्जत घालून पाईप आणि एल्बो आणत होते, परत आल्यावर दोन भाकऱ्या खात होते. अशा माणसाला कोण अडवणार? मी मान डोलावली.

प्रवाळ धरले. जांभळे, हिरवे, काही बोटांसारखे, काही पाण्यात डुलणारे. काचेवरचं शेवाळ खायला गोगलगायी आणल्या, आणि लांब पांढऱ्या मिशांची एक लाल कोळंबी. बाबा पाट घेऊन समोर बसायचे आणि तिच्याशी बोलायचे. मला हाक मारून दाखवायचे, बघ कशी माशाचं अंग साफ करते, तुझ्या आत्यासारखी चोखंदळ हाय. ते हसले तेव्हा मी काय ते समजून चुकलो. हे पाणी जितं आहे तोवर माझा बाप जेवणार होता. मला प्रवाळांचं आता तेवढंच पडलं होतं.

खाऱ्या पाण्यातलं मीठ उडत नाही, नुसतं पाणी उडतं. म्हणून रोज टाकीत थोडं साधं, शुद्ध पाणी घालावं लागतं, नाहीतर खारटपणा वाढतो. मी सकाळी लवकर खोपोलीला कारखान्यात जायचो, म्हणून ते काम बाबांकडे दिलं. आरओचं पाणी भरलेला प्लास्टिकचा बुदला आणि मापाचा मग त्यांच्या हवाली केला. ते एक दिवसही चुकले नाहीत.

मग गोगलगायी काचेवरून गळून पडायला लागल्या. उलट्या पडायच्या त्या पुन्हा सरळ होत नव्हत्या. पाठोपाठ कोळंबी गेली. प्रवाळ आक्रसले, त्यांचं मांस सुटून खालची पांढरी हाडं दिसू लागली, आणि तेही एका टाकीत नाही, वरपासून खालपर्यंत तिन्हींत. मासे मात्र ठणठणीत, खाणं टाकलं की झडप घालणारे. मी पाणी बदललं, मीठ बदललं, मीठवाल्याला फोनवर नको नको ते बोललो. एरवी देवळाबाहेर चपला राखत उभा राहणारा मी, ग्रामदेवीला नारळ बोलून आलो. कशाचा काही उपयोग झाला नाही. संध्याकाळी घरी आलो की बाबा एवढंच सांगायचे, आज बी एक गेला. ताट तसंच झाकलेलं असायचं.

पनवेलला माझ्यासारखाच एक वेडा आहे. तो फोनवर म्हणाला, तांबं तपासलंस का? तांब्याने माशांना सहसा काही होत नाही, उलट त्यांच्या आजारावर ते औषध म्हणून देतात, पण गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळ यांना ते विषच. मी तपासलं. कुपीतल्या पाण्याचा रंग बदलला, म्हणजे तांबं होतं. सुट्टीचा सगळा दिवस पितळेचा एखादा नळ किंवा स्क्रू सापडतोय का ते शोधण्यात घालवला. काहीही नव्हतं. बाबांचं काम चोख होतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलोच नाही. सकाळी बाबा स्वयंपाकघरातून आले ते खांद्यावर आईचा तांब्याचा हंडा घेऊन. चिंचेने घासून लखलखीत केलेला. बुदल्यातलं पाणी ते आदल्या संध्याकाळी त्यात ओतून ठेवायचे आणि सकाळी मगाने टाकीत घालायचे. मी विचारलं, हे कधीपासून? म्हणाले, पहिल्यापासून.

"प्लास्टिकमधलं शिळं पाणी जिवाला कसं द्यायचं रं? तांब्यातलं पाणी औषध असतं."

मला ओरडावंसं वाटलं. रोज मरणाऱ्या जिवांना ते रोज औषध पाजत होते. हे त्यांना सांगायचं कसं? मी म्हणालो, पंपाची मोटर खराब आहे, आतली तार उघडी पडून तिचं तांबं पाण्यात उतरतंय, त्यानेच सगळं मेलं. हंड्याला पोचे आलेत, तांबटाकडे देऊ, म्हणून तो माळ्यावर टाकला आणि नवीन मोटर आणायला शिळफाट्याला गेलो. वाटेत मनात म्हटलं, निभावलं.

परत आलो तर बाबा खोलीत बसले होते. समोर पेपर पसरून जुनी मोटर खोललेली, स्क्रू ओळीने मांडलेले. आतली तार घट्ट लाखेसारख्या थरात बंद, पाण्याचा थेंब आत जायला जागा नव्हती. शेजारी हंडा, माळ्यावरून उतरवलेला. जन्मभर यंत्रं पाहिलेल्या माणसाला मी मोटरची थाप मारून गेलो होतो.

"मोटर चांगली हाय," ते म्हणाले. "हंड्यानं झालं ना?"

मी हो म्हणालो. घाईघाईने पुढेही बोलत सुटलो, की मासे जिवंत आहेत, टाक्या धुऊन काढू, प्रवाळ परत आणता येतील, तुम्हाला तरी काय ठाऊक असणार. ते ऐकत नव्हते. हंड्याच्या काठावरून बोट फिरवत होते.

"तुझी आय शेवटी नुसत्या पाण्यावर होती. अन्न जात नव्हतं तिला. मी रोज सकाळी ह्याच हंड्यातलं पाजायचो. तिलाबी त्यानंच झालं का रं?"

मी त्यांचे दोन्ही हात धरले. म्हणालो, नाही. तिचा आजार वेगळा होता, मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुम्हीही तिथेच होता. माणसं पिढ्यान्‌पिढ्या तांब्यातलं पाणी पितात, तुम्हीही पिता, माणसाला त्याने काही होत नाही. यातला शब्दन्‌शब्द खरा होता. मी आईची शपथसुद्धा घेतली.

बाबांनी हात सोडवून घेतले.

"मघाशी तू मोटर म्हणलास," ते म्हणाले.