तळाची ओळ

अख्खी कचेरी त्यांना तारीखमास्तर म्हणायची. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. वर्तमानपत्राच्या तिसऱ्या पानावरची 'आजच्या दिवशी' ही चौकट एकतीस वर्षं त्यांची. कपाटात तीनशे सहासष्ट पाकिटं, प्रत्येक तारखेचं एक. कुठला राजा कधी मेला, कुठला पूल कधी खुला झाला, काहीही विचारा, मास्तर जेवताजेवता सांगणार. एकतीस वर्षांत एक साल चुकलं नाही. त्याची त्यांना घमेंडच होती, आणि का नसावी?

एकच तारीख घशात अडकलेली. त्या दिवशी गावातल्या कागद कारखान्यात बॉयलर फुटला आणि सात माणसं गेली. त्यांत मास्तरांचा थोरला भाऊ. कारखाना म्हणाला, स्फोट वगैरे काही नाही, किरकोळ बिघाड. पेपरनेही तेच छापलं, विषय संपला. पुढे मास्तर त्याच पेपरात चिकटले, तेव्हा वहिनीने पेढे मागितले नाहीत. एकदा खरं काय ते छापून आणा, एवढंच म्हणाली. आता तर तिची नातवंडंही हसायची, आजी काहीबाही सांगते म्हणून.

मास्तर दरवर्षी ती ओळ लिहायचे. पण चौकटीची रीत अशी, की जुनं साल वर, नवं खाली. आणि जाहिरात वाढली की कात्री तळाला. तळाला कोण? भाऊच. संपादकसाहेबांच्या हातापाया पडून झालं. क्रम म्हणजे क्रम, साहेब म्हणायचे. हजार वर्षांपूर्वी मेलेला कुठलासा राजा दरवर्षी थाटात छापून यायचा आणि सख्खा भाऊ केराच्या टोपलीत. संताप होणार नाही तर काय!

यंदा निवृत्ती महिन्यावर आलेली. वहिनीने अंथरूण धरलेलं. मास्तरांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. भावाचं मरण दीडशे वर्षं मागे ढकललं आणि ओळ राजाच्या खालोखाल बसवली. जाहिरात आली, आता तळाला आलेली कुठल्याशा पुलाची ओळ उडाली, सात माणसं छापून आली.

सकाळीच ते पेपर घेऊन वहिनीकडे गेले. तिने चष्मा लावला, ओळीवरून बोट फिरवलं, सालापाशी थांबली.

"भावोजी, ही दुसरी कुणीतरी माणसं. आपली नाहीत."

मास्तरांनी पेपराची घडी घातली.

दोन दिवसांनी एका निवृत्त शिक्षकाचं पत्र आलं: कारखाना उभा राहून साठ वर्षंही झाली नाहीत, मग हा स्फोट कुठला? साहेब भडकले. कचेरीत ज्याची चूक त्यानेच दुरुस्ती लिहायची, आणि दुरुस्तीला कधी कात्री लागत नाही. मास्तरांनी त्यात खरं साल घातलं. साहेबांनी ते खोडलं आणि उरलेली वाक्यं त्यांच्याकडूनच पुन्हा लिहून घेतली. नोकरीच्या शेवटच्या महिन्यात मास्तरांनी मान खाली घालून लिहिली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत, चौकट करून छापून आलं: 'कागद कारखान्यात असा कोणताही स्फोट झालेला नाही. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

नातीने ते वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. मास्तर पायाशी बसले होते.

"कुणी लिहिलं हे?" वहिनीने विचारलं.

"कचेरीतलंच कुणीतरी," मास्तर म्हणाले.