दोघांची खोली

आमच्या आबांना गाडीत झोप लागत नसे. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस; दुसऱ्याच्या गाडीत बसला की उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. गडहिंग्लजला कुणाच्या लग्नाला निघालो की दर वळणाला त्यांचा पाय समोरच्या पत्र्यावर दाबलेला, आणि घरी आल्यावर त्यांच्या पोटरीला बाम चोळायचं काम माझ्याकडे. रत्नागिरीच्या फेरीत त्यांनी समुद्र शेकडो वेळा पाहिला असेल, पण लांबून. गाडी लावायची, चहा प्यायचा, गाडी वळवायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच हौस बोलून दाखवली. मुंबईहून निघणाऱ्या मोठ्या बोटीतून तीन रात्री फिरून यायचं, आईला घेऊन, आणि दुसरा कुणीतरी चालवत असताना मस्त ताणून द्यायची. आईला पाण्याची भीती. तिनं कपाळाला हात लावला.

मी शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात माल रवाना करण्याचं काम बघते. रोज तेच तक्ते हातानं भरायचा कंटाळा येऊन मी संगणकाकडून ते करून घेणाऱ्या छोट्या छोट्या स्क्रिप्ट लिहायला शिकले होते. त्यातलीच एक आबांसाठी केली. तीसेक ओळींची. दिवसातून चार वेळा बोटीच्या कंपनीचं पान उघडायचं, दोघांच्या खोलीचा भाव वाचायचा, आबांनी सांगितलेल्या आकड्याशी ताडून पाहायचा आणि त्याच्या खाली आला तर त्यांच्या मोबाइलवर मेसेज टाकायचा. इतकंच तिचं काम.

आकडा सांगण्यात आबा पक्के. लक्ष्मीपुरीच्या बाजारातही ते एकदाच भाव सांगायचे आणि पलीकडच्या पायरीवर जाऊन बसायचे. दुकानदार हाक मारेपर्यंत उठायचं नाही. इथंही तसंच. पन्नास हजार, दोघांचं मिळून, वर एक रुपया नाही. मेसेजचे शब्दसुद्धा त्यांनीच सांगितले: “पावणं, उतरलंय. घेताय का?” पुढं काही महिन्यांनी त्यांना नुसतं वाट बघणं सोसेना, म्हणून मी लॅपटॉपवरच्या स्क्रिप्टमध्ये आणखी एक मेसेज घातला. भाव थोडाफार जरी खाली आला तरी तो यायचा: “थोडं उतरलंय. थांबा जरा.” तो आला की आबा चहाच्या गाड्यावर सगळ्यांना वाचून दाखवत.

भाव अठ्ठावन्नाच्या आसपास घुटमळत राहिला. वरचे मी घालते म्हटलं तर आबा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला गुपचूप स्क्रिप्टमधला आकडा वाढवता आला असता, वरचे पैसे भरून टाकता आले असते. त्यांना कळलंही नसतं. मी ते केलं नाही. चैत्रात एका दुपारी जेवून ते आडवे झाले आणि चहाला हाक मारली तेव्हा उठले नाहीत. त्या आकड्याचा राग मला अजून येतो, आणि तो आबांवर कमी, माझ्यावरच जास्त आहे.

तेरावं उरकून चार दिवस झाले होते. आई स्वयंपाकघरात लसूण सोलत होती, मी भांडी पुसत होते आणि फडताळावर ठेवलेला आबांचा फोन वाजला. आईनं हात पुसले, चष्मा लावला, वाचलं. थोडं उतरलंय, थांबा जरा. स्क्रिप्ट चालूच आहे हे मी साफ विसरले होते. मी काही बोलणार तेवढ्यात आई फोनकडे बघत म्हणाली, “थांबते की.” आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

त्याच दिवशी मी लॅपटॉप उघडून प्रवासी दोनचे एक केले. का केलं, नीट सांगता येत नाही. दोन हा आकडा बघवत नव्हता. वाटलं होतं भाव निम्म्यावर येईल. तो आला जेमतेम दीड हजारानं खाली. माझंच काहीतरी चुकलं असणार म्हणून मी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, की खोली दोघांची असते मॅडम, माणूस एकटं आलं तरी दुसऱ्या जागेचं भाडं द्यावं लागतं. मी तिला फाडून खाल्लं. नसलेल्या माणसाचं भाडं कसलं घेता, असं बरंच काही बोलले. फोन ठेवून वळले तर आई दारात उभी.

“म्हंजे ह्येंची जागा हाय की अजून,” ती म्हणाली. “मग मी जाते.”

पाण्याला घाबरणारी बाई. विहिरीच्या कठड्यालासुद्धा ती कधी हात लावत नसे.

मला ते लक्षण बरं वाटेना. मी स्क्रिप्ट कायमची बंद केली आणि आईला म्हटलं, भाव उतरायचा बंद झाला. तरी ती रोज सकाळी आबांचा फोन चार्जिंगला लावायची. काढताना एकदा पुसायची. “अलीकडं गप हायेत,” असं म्हणायची, रुसून बसलेल्या माणसाबद्दल म्हणावं तसं. मी चिडायचे. असं वर्ष गेलं.

वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतरच्या पितृपक्षात, आबांच्या तिथीला, आम्ही पहिला म्हाळ घातला. आबांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, पेठ वडगावहून आले होते. वडे, खीर, आळूची भाजी, गवार, कढी, सगळं पानावर वाढून गच्चीत नेलं. गेलेल्या माणसाच्या आवडीचं काहीबाही पानाशेजारी ठेवतात. तात्यांनी तंबाखूची पुडी ठेवली. मी त्यांचा चष्मा ठेवला. आईनं फोन ठेवला. मला हसूही येईना.

कावळे पाण्याच्या टाकीवर ओळीनं बसले होते, पण एकही खाली येईना. तात्यांनी हात जोडले. वहिनीला अंतर देणार न्हाय म्हणाले, पोरीकडं बघतो म्हणाले, शेताच्या बांधाचं मिटवतो म्हणाले. कावळे हलेनात. ऊन वाढलं. खिरीवर साय धरली. आई नुसती पानाकडं बघत उभी होती. तेवढ्यात पानाशेजारचा फोन वाजला.

तात्या दोन पावलं मागं सरले. आई वाकली, फोन उचलला, डोळ्यांपासून लांब धरून मोठ्यानं वाचलं, “पावणं, उतरलंय. घेताय का?”

मग तिनं टाकीकडं नाही, पानाकडंही नाही, जिन्याच्या दाराकडं बघत सांगितलं, “घेते.”

आम्ही तिघंही त्या दाराकडं बघत राहिलो. तिथं कुणी नव्हतं. पुन्हा वळून बघितलं तर पानावरचा एक वडा गेलेला होता. कावळा कधी शिवला ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. तात्या चप्पल न घालता खाली गेले.

मी खाली जाऊन लॅपटॉप उघडला. स्क्रिप्ट बंदच होती. कंपनीच्या पानावर मात्र भाव खरंच पन्नासाच्या खाली होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेल्यावर उलगडा झाला. अगदी सुरुवातीला माझा लॅपटॉप दुरुस्तीला होता तेव्हा मी ती स्क्रिप्ट ऑफिसच्या संगणकावर ठेवली होती आणि नंतर विसरून गेले होते. त्या जुन्या प्रतीत ‘थांबा जरा’ नव्हतं, म्हणून ती इतके दिवस गप्प होती. तिच्या लेखी प्रवासी अजून दोनच होते, आकडाही आबांचाच. ती रोज चार वेळा बघत होती, आबा गेल्यावरही, आणि आकडा गाठल्यावर तिनं सांगितल्याप्रमाणे कळवलं. मी ती प्रत पुसून टाकली. मेसेज कसा आला ते मला माहीत आहे. त्याच दिवशी, त्याच घटकेला का आला, ते मला माहीत नाही, आणि मी त्याचा विचार करायचं टाळते.

तात्यांनी विरोध केला. पंधरवड्यात कुणी नवी चिंधी घेत नाही आणि तुम्ही बोटीचं तिकीट काढताय, असं त्यांचं म्हणणं. आई म्हणाली, हा पंधरवडा ह्यांचाच हाय, ह्यात न्हाय घ्यायचं तर मग कवा घ्यायचं?

तिकिटाचा फॉर्म मी भरत होते. दुसऱ्या प्रवाशाच्या रकान्यात मी माझं नाव घातलं. आई शेजारी बसली होती.

“काढ तुझं नाव.”

मी म्हटलं, पैसे दोघांचेच जाणार आहेत, जागा मोकळी कशाला ठेवायची?

“मोकळी न्हाय ती.”

मी नाव काढलं. एकाच प्रवाशाचं तिकीट झालं, खोली दोघांची. मला वाईट वाटलं, ते इथं लिहून टाकते. मलाही आबांच्या जागेवर झोपायचं होतं.

निघायच्या आधीच्या आठवड्यात आईनं लोणच्याच्या बरण्या काढून दाखवल्या, कुठली आधी संपवायची ते सांगितलं. गॅसचं पुस्तक, घरपट्टीच्या पावत्या, कपाटाची किल्ली, सगळं माझ्या हातात दिलं. प्रवासाला जाणारी कुठलीही बाई एवढं करतेच, असं मी स्वतःला समजावलं. पण बॅग भरताना तिनं आबांचा एक सदरा-पायजमाही इस्त्री करून घेतला. आईला पोहता येत नाही. ही परत येणार नाही, असं मला वाटलं, आणि एकदा वाटलं ते जाईना.

मुंबईला बंदरापर्यंत मी सोबत गेले. बोट आमच्या अख्ख्या गल्लीहून लांब होती. आई मागं न बघता आत गेली. मी एका लॉजवर राहिले. रेंज जाण्याआधी आबांच्या फोनवरून एक फोटो आला: छोटी खोली, दोन पलंग, चादरी ताणून घातलेल्या. एकावर आईची पिशवी. दुसऱ्यावर घडी केलेला सदरा, वर चष्मा.

मग दीड दिवस काही नाही. मी फोन हातात धरून जेवत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी बोट कुठंतरी किनाऱ्याजवळ आली असणार, कारण आणखी एक फोटो आला, नुसताच, खाली एक शब्द नाही. दुसरा पलंग. उशी मधोमध दबलेली, चादर पायाशी गोळा झालेली, पांघरूण अर्धवट ओढलेलं. मी तो फोटो मोठा करकरून बघितला. आई पलंग बदलून तिकडं झोपली असेल, दुसरं काय. फोन लावला तर लागेना.

आई परत आली. बॅग ओढत, उन्हानं डोळे बारीक करत, आली. गर्दीत ती दिसल्यावर मी रडले, आणि ती मला सगळ्यांसमोर रागावली. आबांचा फोन तिच्या पिशवीत बंद पडलेला होता आणि तिनं तो चार्ज करायला मागितला नाही.

कोल्हापूरच्या गाडीत बसल्यावर मी धीर करून विचारलं, त्या दुसऱ्या पलंगावर तू झोपली होतीस का?

“मी कशाला? मी खिडकीशी बसून पाणी बघत हुते.” तिनं पदर नीट केला. “ह्ये पहिल्या दिवसापास्नं झोपलेले. पाय सुदीक हालला न्हाय.”

पुण्याच्या पुढं तिला झोप लागली, डोकं माझ्या खांद्यावर. तिला कुठल्याच स्वप्नाची गरज नसावी, इतकी ती गाढ झोपली होती. खंबाटकीच्या घाटात गाडी वळणं घेऊ लागली आणि माझ्या लक्षात आलं, की माझा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर घट्ट दाबलेला आहे. मी तो उचलला. पुढच्या वळणाला तो पुन्हा दाबला गेला. मग मी तो तसाच राहू दिला. ती दोघं झोपली होती, आणि कुणीतरी जागं राहायला हवं होतं.