काठावरची खुर्ची

सहलीच्या त्या कचेरीत तिचं टेबल खिडकीशी होतं, आणि सगळे त्याला ‘तीन पिढ्यांचं टेबल’ म्हणत. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडं अशा सगळ्यांना मिळून डोंगर चढायचा असला, होडी वल्हवायची असली किंवा दोरावरून दरी ओलांडायची असली, की ती कुटुंबं तिच्याकडे येत. एकट्यादुकट्याला डोंगरावर पाठवणं सोपं. गुडघे धरलेली आजी आणि एका जागी न टिकणारा नातू यांची एकच सहल ठरवायची म्हणजे दोन दगडांवर पाय. गेली कित्येक वर्षं ती तशीच उभी होती.

तिची एक रीत होती. सगळं घर समोर बसलं की बोलायचे ते मुलगा आणि सून. “बाबांना काही नको. ते काठावर बसतील, आमचं सामान बघतील.” बाबाही मान डोलवायचे. मग ती उठून म्हणायची, “आजोबा, जरा नकाशा बघायला येता?” आणि त्यांना मागच्या खोलीत न्यायची. नकाशा तिथे होता, पण तो बघायला आजवर कुणी गेलं नव्हतं. दार लोटून ती विचारायची, “आता सांगा. खरंच बसायचंय काठावर?”

“बसायचंय कुणाला?” एक आजोबा म्हणाले होते. “पण पोरांचा जीव खालीवर होतो. त्यांना घाबरवण्यात काय मजा?” एका आजीने आधी स्वच्छतागृह किती लांब आहे ते विचारलं, आणि मग दोरावर दोनदा लटकू देतात का, ते.

म्हणून तिच्या कार्यक्रमांत खुर्ची नसे. बाकीचे सहलवाले म्हाताऱ्यांसाठी काठावर घडीची खुर्ची आणि छत्री मांडून ठेवत. ती ठेवू देत नसे. “खुर्ची दिली की माणूस बसतो,” ती म्हणायची, “आणि एकदा बसला की सगळे त्याला चपला राखायला लावतात.” ज्याला चढ झेपत नसेल त्याला ती उताराची वाट शोधून द्यायची, पण पाय मातीला लागलेच पाहिजेत.

नवी जागा ठरवण्याआधी ती नवऱ्याला घेऊन तिथे जाऊन यायची. त्याला धड पोहता येत नव्हतं आणि दिशांचा तर पत्ताच नव्हता. “माझ्यावर प्रयोग करते,” तो लोकांना सांगायचा. “मी बुडालो नाही, म्हणजे कुणीच बुडणार नाही.” दोघांच्या होडीत तो पुढे बसे आणि ती मागे, कारण दिशा मागच्याने सांभाळायची असते. तो वल्हं मांडीवर आडवं ठेवून गप्पा मारत राही.

“अहो, वल्हं मारा ना.”

“मी वजन म्हणून आलोय. वजनाने वल्हं मारायचं नसतं.”

हिवाळा सुरू होता होता तो गेला. दवाखान्यात, दुपारी, ती बाहेर औषधं आणायला गेली असताना. सगळं आवरल्यावर ती कचेरीत परत आली, टेबल पुसलं आणि समोरच्या कुटुंबाला विचारलं, “उंचीची भीती कुणाला?” लोक म्हणाले, सावरली हो. ती सावरली नव्हती आणि कोसळलीही नव्हती. बस थांबली की उतरायचं, भूक लागायची वेळ झाली की जेवायचं. मागच्या खोलीत न्यायची, विचारायची, लिहून घ्यायची. आजोबा हसले की तीही हसायची, जरा उशिरा.

लेक दर आठवड्याला येऊन जायची. एकदा ती आली तेव्हा बाहेर कडाक्याची थंडी आणि घरातल्या खिडक्या सताड उघड्या.

“आई, गार लागत नाही का तुला?”

“लागत असेल.”

“असेल म्हणजे? आणि हा चहा? साखरच नाही यात.”

“प्यायले की.”

त्या दिवशी लेक आतल्या खोलीतून जावयाशी फोनवर बोलत होती. दार पातळ होतं. “उन्हाळ्यात तिला तळ्यावर नेऊ या. पाण्यात उतरली ना, तर येईल ती परत. नाही उतरली, तर पुढे काय करायचं ते मला खरंच सुचत नाही.” बाहेर आईने ते सगळं ऐकलं. टेबलासमोर बसलेल्या कुटुंबाचं ऐकावं तसं.

“कार्यक्रम मात्र तूच करायचा,” लेक बाहेर येऊन म्हणाली.

तिने तो केला. राहण्याची जागा, दोघांच्या दोन होड्या, नातीच्या मापाचं तरंगतं जाकीट. शेजारच्या टेबलावर गाड्या ठरवणारे गृहस्थ बसत. सगळे त्यांना गाडीवालेच म्हणत. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“ताई, हे काय? खुर्ची?”

“हो.”

“कुणासाठी?”

“एक वयस्कर माणूस आहे बरोबर.”

“कोण?”

“मी.”

गाडीवाल्यांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाले, “चला, जरा नकाशा बघून येऊ.”

“नकाशा पाठ आहे मला.”

“तो सगळ्यांनाच पाठ असतो,” ते म्हणाले. पण ती उठली नाही. मग त्यांनी गाडी ठरवली, आणि खुर्चीही.

तळ्याच्या काठी ती खुर्ची उघडून ठेवलेली होती. निळ्या कापडाची, हाताशी पेला ठेवायला कप्पा असलेली.

“ही कुणी मागितली?” लेकीने विचारलं.

“कार्यक्रमात लिहिलीय,” नावाडी म्हणाला.

ती जाऊन बसली. जावयाने घड्याळ आणि चष्मा तिच्या हातात दिला, टॉवेल मांडीवर ठेवले. नातीने चपला काढल्या. “आजी, या धर. हरवू नकोस हं.” तिने धरल्या. जावई आणि नात पहिल्या होडीतून निघालेसुद्धा. लेकीचा एक पाय दुसऱ्या होडीत होता. तिथूनच ती आईकडे बघत राहिली. मग पाय बाहेर काढून ओल्या पावलांनी वर आली.

“आई, ऊठ.”

“का?”

“मला बसायचंय. पाय दुखतोय.”

“खोटं बोलतेस.”

“हो. ऊठ.”

कुणी जागा मागितली की ती आजवर उठतच आली होती, तशी उठली. लेक खुर्चीत बसली आणि तिने टॉवेल, चष्मा, घड्याळ, चपला असं सगळं आपल्या मांडीवर ओढून घेतलं.

“आता तू जा.”

“अगं, मला काही नको.”

“सगळे हेच म्हणतात असं तूच सांगतेस ना? मी खुर्चीत बसलेय. आता मी उठत नाही.” ती चपलांकडे बघत राहिली.

भांडायला लागणारं काहीतरी आपल्यात नाही, हे आईच्या लक्षात आलं. जाणं सोपं होतं. तिने जाकिटाचे बंद बांधले आणि सवयीने मागच्या जागेवर बसली. होडीचं नाक वर उठलं.

“असं नाही जमायचं,” नावाडी म्हणाला. “पुढे वजन पाहिजे.” त्याने छपरीतून वाळूचं पोतं खांद्यावर आणलं आणि पुढच्या जागेवर ठेवलं. नाक खाली आलं. पोतं जरासं कललं, आणि तसंच राहिलं.

“चालेल ना?”

ती पोत्याकडे बघत होती. “चालेल,” ती म्हणाली. “वल्हं मारणार नाही, एवढं तरी आधीच माहीत आहे.”

नावाडी कशाला हसायचं ते न कळता हसला आणि त्याने होडी ढकलली.

डोळे भरून आले वगैरे काही झालं नाही. डावीकडे एक, उजवीकडे एक, हातांना आठवत होतं. होडी सरळ चालली होती. पोतं गप्प होतं. तळ्याच्या मध्याआधीच वल्ह्यावरून ओघळलेलं पाणी मनगटावरून बाहीत शिरलं आणि कोपरापर्यंत गेलं. ती थांबली.

“आई, काय झालं?” काठावरून लेक ओरडली. ती उभी राहिली होती, चपला हातात.

“पाणी गार आहे गं.”

लेक चपला घेऊन पाण्याच्या कडेशी आली. म्हणाली, “मग ये परत.”

“थांब जरा,” ती म्हणाली, आणि तिने वल्हं दुसऱ्या बाजूला घातलं.