उजवीकडून उघडणारी वही

कमलेशला लहानपणापासून एकच खोड, वस्तू आतून कशी चालते ते बघायची. भिसेगावात त्याचं आणि माझं दुकान भिंतीला भिंत लावून आहे. माझं औषधांचं, त्याचं रेडियम स्टिकर आणि डीटीपीचं. माझं ब्लडप्रेशर मोजायचं मशीन त्याने दोनदा खोललं. पहिल्यांदा ते परत जोडलं गेलं. दुसऱ्यांदा मला नवं घ्यावं लागलं, आणि त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

त्याच्या धंद्याची सुरुवात जीपगाड्यांपासून झाली. कशेळ्याच्या नाक्यावर उभ्या असलेल्या जीपांच्या काचांवर तो मालकांची, मुलांची, कुलदैवतांची नावं रंगवायचा. पावसाने रंग जाऊ नये म्हणून काचेच्या आतल्या बाजूने लिहायचा. आतून लिहायचं म्हणजे सगळंच उलटं. नाव उजवीकडून डावीकडे जाणार, अक्षर आरशातलं. बाहेर उभ्या माणसाला सुलट दिसलं की काम फत्ते. पुढे रेडियम आलं, कॉम्प्युटर आला, लग्नपत्रिका आल्या, पण त्याचं म्हणणं तेच राहिलं. "अक्षर वाचायचं नसतं रं, बघायचं असतं." इतकी वर्षं ते खपून गेलं.

दोन वर्षांपूर्वी चौक गावच्या मोझेलबाई आपटेकर त्याच्या दुकानात आल्या. बाईंनी आम्हा दोघांना शाळेत भूमिती शिकवली आहे. इकडे बेने इस्रायल ज्यूंची जी थोडी घरं उरली, त्यातलं एक त्यांचं. मुलगा इस्रायलला, यजमान जाऊन सहा वर्षं झालेली. त्यांच्या पिशवीत दोन वस्तू होत्या. एक मुलाने पाठवलेलं ई-रीडर, ज्याला बाई पहिल्या दिवसापासून पाटी म्हणत आल्या आहेत. दुसरी त्यांच्या वडलांच्या हातची वही. ती उजवीकडून उघडायची. आत हिब्रू प्रार्थना, एकेक ओळ, आणि प्रत्येक ओळीखाली मराठी अर्थ. बाईंच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार लागला होता आणि वहीतलं अक्षर आता भिंगातूनच काय ते दिसत होतं.

"कमळ्या, ह्या पाटीवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं म्हणे," बाई म्हणाल्या. "माझी वही हिच्यात घाल. डोळे आहेत तोवर रोज एक पान मला स्वतः वाचायचंय. दुसऱ्याने वाचून दाखवलेलं नको."

"घालतो की बाई," कमलेश म्हणाला. त्या लिपीतलं एक अक्षर ओळखत नव्हता, पण नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नाही.

मग महिनाभर शेजारी मौज चालली होती, आणि खरं सांगतो, गिऱ्हाईक नसलं की मीही तिथेच असायचो. त्याने रेडियमची सत्तावीस हिब्रू अक्षरं कापून कीबोर्डच्या कळांवर चिकटवली. कुठूनसा एक जुना फॉन्ट मिळवला. आपले जुने मराठी फॉन्ट असायचे तसा, कळ इंग्रजी दाबायची आणि उमटायचं दुसरंच. हिब्रू लिहितात उजवीकडून डावीकडे, पण त्यात अक्षरं डावीकडूनच पडत जायची. कमलेशला त्याची फिकीर नव्हती. त्याने वहीतली प्रत्येक ओळ शेवटच्या अक्षरापासून टाईप केली, मागून पुढे, जीपच्या काचेसारखी. एक गंमत त्याला फार आवडली. पानांचे आकडे वहीत आपल्यासारखेच डावीकडून लिहिलेले होते. "बाकी सगळं तिकडून आणि आकडा इकडून. रस्त्यात समोरासमोर आल्यावर ही मंडळी भांडत कशी नाय?" असं तो मला विचारायचा, जसं काही मी तिथला ट्रॅफिक हवालदार होतो.

काम झालं. बाईंनी दुकानातच भिंग धरून पहिलं पान वहीशी ताडून बघितलं. अक्षरन् अक्षर बरोबर होतं. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. चाळीस टक्क्यांवर पास झालेल्या माणसाला गुरुजनांची थाप म्हणजे काय, ते मला माहीत आहे. तो पंधरा दिवस जमिनीवर नव्हता.

तीन महिन्यांनी चौकच्या एका गॅरेजचा बोर्ड लावायला गेला असताना तो बाईंकडे डोकावला. पाटी फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवलेली होती.

"वाचत नाय का बाई?"

बाईंनी आधी चहाचं विचारलं, मग साखरेचं. शेवटी म्हणाल्या, "पाटीचा दोष नाही रे. माझंच डोकं साथ देत नाही. अक्षर ओळखते, शब्द ओळखते, पण ओळ लागत नाही. शेवट आधी येतो आणि सुरुवात खाली जाते. जे लहानपणापासून म्हणत आले तेच मला परकं दिसतं. डोळे जाणार हे मी मान्य केलं होतं. डोकं जाईल असं नव्हतं वाटलं. मुलाला कळवलंय, ये आणि मला घेऊन जा म्हणून. आता मी एकटी राहण्यातली नाही."

कमलेशने पाटी उतरवली. बारीक अक्षरात पान नीट होतं. अक्षर मोठं केलं, तशी ओळ मावेना आणि तुटली. पण तुटली भलत्या टोकाला. जिथून वाचायला सुरुवात करायची ते उजवीकडचे शब्दच खालच्या ओळीत घसरले, आणि वाक्याचं शेपूट वर राहिलं. त्याने अक्षर लहान केलं, मोठं केलं, परत लहान केलं. पाटीच्या दृष्टीने ते डावीकडून लिहिलेलंच काहीतरी होतं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की हे उजवीकडून वाचतात. नंतर मला म्हणाला, "काच लहानमोठी होत नाय रं, म्हणून माझं आजवर चाललं."

"बाई," तो म्हणाला, "डोकं तुमचं नाय गेलं. चूक माझी हाय." आणि त्याने त्यांना सगळं दाखवलं.

बाईंनी पाटी हातात घेऊन स्वतः अक्षर लहानमोठं करून बघितलं. मग म्हणाल्या, "परत सांग."

"चूक माझी हाय."

"नक्की तुझीच?"

"माझीच, बाई."

बाई रडायला लागल्या. कमलेशही रडला, आणि हे त्याने मला न लाजता सांगितलं. एका माणसाला आपण तीन महिने वेडं ठरवलं होतं, ह्याची त्याला अजून खंत आहे.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. ह्या वेळी फॉन्ट नवा, खरा हिब्रू. जे आधी म्हणतात ते आधी टाईप करायचं, दिशा उजवीकडून असं फाईलमध्ये सांगून ठेवायचं, आणि कुठलं अक्षर कुठे दिसेल ते पाटीवर सोडायचं. हे सोडणंच त्याला सगळ्यात जड गेलं. शिवाय आधी काय म्हणतात हे बघून कळेना, ऐकावं लागलं. म्हणून दर रविवारी तो चौकला जायचा. बाई भिंग धरून एकेक शब्द म्हणायच्या, तो टाईप करायचा. शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा बाई पाटीला हात लावत नाहीत, त्यामुळे शनिवारी तो मला येऊन अक्षरं म्हणून दाखवायचा. पाटीवर ह्या वहीचं पुढचं पान उजव्या नव्हे, डाव्या कडेला बोट टेकवून येतं, हे त्याने अख्ख्या भिसेगावाला समजावलं असेल.

दिवाळीच्या आधी वही पूर्ण झाली, तेव्हा मीही सोबत गेलो. बाईंनी अक्षर पार मोठं केलं. एका ओळीत जेमतेम तीन शब्द मावत होते, पण पहिला शब्द उजवीकडे वर, जिथे असायला हवा तिथेच होता. बाईंनी पान अखेरपर्यंत मोठ्याने वाचलं. मग मुलाला फोन लावला आणि सांगितलं, ये, पण भेटायला ये.

कमलेश जुनी चुकीची फाईल पुसायला लागला, तर बाईंनी त्याचा हात धरला.

"राहू दे. त्यात देवाचं नाव आहे, ते पुसत नसतात."

"पण चुकीची हाय ना बाई ती."

"म्हणूनच. मी ती महिन्यातून एकदा उघडून बघणार आहे. ज्या दिवशी मला ती बरोबर वाटेल, त्या दिवशी तू माझ्या मुलाला फोन कर."