धाकट्या जावेचं पेन आणि गाभाऱ्याच्या पायऱ्या

मुलांनो, मागच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, धाकटी आजी आजारी आहे का, इतकी बारीक कशी दिसते. ती आजारी नाही. फोनवर सांगताना क्रम राहत नाही, म्हणून लिहून पाठवते.

आमच्या अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिरात पिंडी खाली गाभाऱ्यात आहे. दगडी पायऱ्या उतरून जावं लागतं. माझी धाकटी जाऊ, म्हणजे तुमची धाकटी आजी, श्रावणात बदलापूरहून यायची, पण वजन वाढलं, गुडघे गेले, आणि ती वरच बसून हात जोडू लागली. तिचं बेलाचं पान मी खाली नेऊन वाहायची. एकदा ती म्हणाली, "ताई, मला माझ्या हाताने वाहायचंय." बाकी कशाची तिला हौस नव्हती. कपडे सैल झाले काय नि घट्ट काय.

उल्हासनगरच्या डॉक्टरांनी वजनाच्या इंजेक्शनचा विषय काढला तेव्हा मी सोबत होते. डॉक्टरांसमोर आपण अर्धे प्रश्न गिळतो. तिने एकही गिळला नाही. मळमळ किती होईल, बद्धकोष्ठ झालं तर काय, मधुमेहाच्या गोळ्या तशाच चालू ठेवायच्या का, श्रावणी सोमवार निर्जळी करू का, बंद केल्यावर वजन परत येतं का. डॉक्टरांनीही घरच्या आजारांची, थायरॉइडची, स्वादुपिंडाची चौकशी केली, एक गोळी कमी केली आणि निर्जळीला साफ नकार दिला. भूक मेली तरी डाळ, अंडी, पाणी सोडायचं नाही आणि व्यायाम टाळायचा नाही, नाहीतर चरबीबरोबर ताकदही जाते. पोटात सतत जोराची कळ आली तर थांबायचं नाही, लगेच यायचं. वजन परत येऊ शकतं, हेही त्यांनी लपवलं नाही.

इंजेक्शन पेनसारखं असतं. आठवड्यातून एकदा ती ते पोटावर जागा बदलून टोचून घेई आणि वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकी. सुरुवातीला ओकाऱ्या झाल्या. ती थोडं थोडं खात राहिली. भिशीतल्या बायकांनी तिचा बदललेला चेहरा पाहिला आणि एकीने लाडीगोडी लावली, लग्न तोंडावर आहे, एक डोस मला दे.

"पेन म्हणजे काय विरजण आहे, वाटीभर न्यायला?" जाऊ म्हणाली. "डॉक्टरकडे जा. मी येते सोबत." आणि खरंच गेली.

आता शुक्रवारची गोष्ट. आमच्याकडे काय नि बदलापूरला त्यांच्याकडे काय, दुरुस्तीसाठी शुक्रवारी वीज जाते, म्हणून आदल्या संध्याकाळीच नासणाऱ्या वस्तू फ्रीझरमध्ये जातात. भावजींनी, म्हणजे तुमच्या धाकट्या आजोबांनी, दुधाच्या पिशव्या आणि वाटलेल्या खोबऱ्याबरोबर फ्रिजमधलं बायकोचं पेनही काळजीने बर्फाशेजारी ठेवलं. सकाळी ते दगड झालेलं. दुपारपर्यंत वितळलं आणि पूर्वीसारखंच स्वच्छ दिसू लागलं. एवढं महागाचं औषध, दिसतंय तर चांगलं, असं भावजी पुन्हा पुन्हा म्हणत होते. चेहरा मात्र पडलेला होता.

जाऊने डॉक्टरांना फोन लावला. एकदा गोठलेलं औषध दिसायला कसंही असो, वापरायचं नाही. वीज गेली तर फ्रिजचं दार बंद ठेवायचं, पेन खालच्या कप्प्यातच राहू द्यायचं. नवं मिळेपर्यंत चुकलेल्या डोसची भरपाई म्हणून दोन एकदम घ्यायचे नाहीत. तिने सगळं ऐकलं, पेन बाजूला काढलं आणि नवऱ्याला चहा दिला. म्हणाली, "काळजी फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको." त्यानंतर त्या फ्रीझरच्या दारावर 'पेन इथे नको' लिहिलेली चिकटपट्टी लागली, ती अजून आहे.

इतक्या महिन्यांची मेहनत वाया जाईल अशी धाकधूक तिलाही असणार. तिने ती दाखवली नाही. नवं पेन आलं, डॉक्टरांनी सांगितलं तसं पुन्हा सुरू झालं, आणि सोसायटीच्या आवारातलं चालणंही.

या श्रावणात ती देवळात आली. बेलाचं पान मी मागितलं नाही. भिंतीला हात लावून ती एकेक पायरी उतरली आणि खालच्या अंधारात दिसेनाशी झाली. बराच वेळ झाला. उतरणं जमलं, चढणं जमेल का, याच विचारात मी होते. भावजी वाकून बघत होते. शेवटी त्यांनी खाली हाक मारली, "येतेस ना गं?"

"येते, येते," खालून आवाज आला. "मी काही गोठले नाही."

आणि ती कुणाचाही हात न धरता वर आली.