कान दोन बोटं दूर

"पालकांनी मुलांच्या शिक्षणात लक्ष घालावं" असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. सुना हसतात. म्हणतात, "आई, तुम्ही स्वतः बालवाडीच्या बाई होतात आणि तुम्हालाच हे पटत नाही?" बाई होते म्हणूनच पटत नाही. शिरपूर तालुक्यातल्या एका गावात हे वाक्य पहिल्यांदा मीच बोलले, आणि त्याला काय फळं आली ती मी या डोळ्यांनी पाहिली.

धुळ्याला बालशिक्षणाचा वर्ग करून मी त्या गावी गेले तेव्हा स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी वीस-एकवीस वर्षांची, आणि पाय जमिनीवर नाहीत. आता देशातलं प्रत्येक मूल शिकणार, आणि ते मीच शिकवणार! बालवाडी भरायची एका मोठ्या शेतकऱ्याच्या वखारीत. कापूस आला की आम्ही बाहेर ओट्यावर, कापूस गाडीत भरून शिरपूरला गेला की आम्ही परत आत. त्याच घराची मागची खोली मला राहायला दिली होती. घर दोन भावांचं. चूल एकच होती, पण चुलीपाशी बसणाऱ्यांची तोंडं दोन दिशांना.

थोरल्या भावाची मुलगी माझ्याकडे यायची. एकटी कधीच नाही, कमरेवर आठ-नऊ महिन्यांचा धाकटा भाऊ असायचाच. पोर वाकडी होऊन चालायची, पण पहिली हजर. आली की भावाला गोणपाटावर ठेवायची, स्वतः त्याच्याकडे एक पाय लांब करून बसायची, म्हणजे तो रांगत निघाला तर पायाला अडेल. आणि मग चिंचोके मागायची. एकदा मी बारा चिंचोके दिले आणि म्हटलं, सगळ्यांना सारखे वाट. जवळ बसलेल्या तीन पोरांना आणि स्वतःला तिने तीन-तीन वाटले. मी मुद्दाम विचारलं, "आणि बाळाला गं?" म्हणाली, "त्याले नको, तो गिळस." वीस पोरांत असं उत्तर देणारी ती एकटी. पुढचे दोन दात पडलेले, म्हणजे सहा वर्षांची नक्की. जूनमध्ये ती पहिलीत बसणार आणि माझं नाव काढणार, असं मी मनात पक्कं करून टाकलं होतं.

धाकट्या भावाचा मुलगा तिच्याहून चांगला दीड वर्षाने लहान. तोही यायचा. गुबगुबीत, रडका, मधेच झोपून जाणारा. गोड पोर. त्याला शाळेची काहीच घाई नव्हती. घाई होती त्याच्या बापाला.

त्या काळी शाळेत नाव घालायचं तर वय कसं ठरवायचे ते आता कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डावा कान धरायचा. बोटं कानाला लागली की सहा वर्षं पूर्ण, घ्या नाव. नाही लागली की पुढच्या वर्षी. पाटलाच्या दप्तरात जन्माची नोंद असायची म्हणे, पण मुलीची नोंद करायला कोण तंगड्या तोडत जातो? सक्तीच्या शिक्षणाचा कायदा होता. जूनमध्ये शाळेचे मास्तर घरोघर फिरून यादी करायचे, आणि एकदा नाव यादीत चढलं की पोर शाळेत धाडावी लागे, नाहीतर दंड. म्हणजे सगळा न्याय त्या कानावर.

मी मेली शहाणी! होळी झाल्यावर मी पालकांची सभा घेतली. ओट्यावर सतरंजी टाकली, गुळाचा चहा केला. बाया डोक्यावरचा पदर सावरत एका बाजूला, पुरुष तंबाखू मळत दुसऱ्या बाजूला. आणि वर्गात शिकलेलं सगळं मी त्यांच्या डोक्यावर ओतलं. रोज दहा मिनिटं आपल्या मुलाजवळ बसा. त्याच्याएवढं खाली होऊन बसा. चुकलं तर रागावू नका, पुन्हा करून दाखवा. बरोबर आलं की कौतुक करा, हातावर काहीतरी गोड ठेवा. जूनमध्ये मास्तर येणार आहेत, तोवर पोरांची चांगली तयारी करून घ्या. बायकांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "बाई, लाख बोलन्या." मी त्या रात्री आनंदाने जेवलेसुद्धा नाही.

चार दिवसांनी अंगणातून किंकाळी आली. धावत गेले तर धाकट्या भावाने पोराला दोन गुडघ्यांत दाबून धरलेलं, खांद्याला तिळाचं तेल चोपडलेलं, आणि उजवा हात डोक्यावरून पलीकडे ओढतोय. कापसाची गाठ आवळावी तसा! पोर लाल झालेलं, तोंडातून आवाज निघेना.

"भाऊ, अहो काय करताय हे?"

"लक्ष घाली ऱ्हायनू ना बाई!" तो हसत म्हणाला. "तुम्हीच सांगेल व्हतं. दोन बोटं कमी पडतस. जूनपर्यंत पुराले पाहिजे."

मी म्हटलं, हात असा ओढून वाढतो होय? तर म्हणतो, केळफूल दोरीने ओढून नाही वाढत, पण हा माणसाचा हात आहे, वळण लावलं तसा वळतो. आता या अकलेपुढे काय बोलायचं? दीड वर्ष आधी शाळेत बसला तर दीड वर्ष आधी मॅट्रिक होईल, दीड वर्ष आधी मामलेदार होईल, एवढा त्याचा हिशेब. मुलगा अजून नाक पुसायला शिकला नव्हता. रोज संध्याकाळी ती किंकाळी यायची. पंधरा दिवसांत पोराचा खांदा सुजला, आणि बालवाडीत तो मणी उचलायला डावा हात पुढे करू लागला. त्याची आई? ती तेल कोमट करून द्यायची. शी! मला त्या घरचं पाणी नकोसं झालं. मी भांडले, आरडाओरडा केला. तो म्हणाला, "बाई, पोरगं मनं शे." संपलं.

पण हा राक्षसपणा निदान उघड्यावर होता. खरी किळस मला पुढेच यायची होती.

मे महिन्यातली दुपार. सगळं गाव दारं लावून पडलेलं. मी घागर घेऊन मागच्या दाराने निघाले, तर थोरल्या भावाच्या बायकोच्या, थोरलीच्या, खोलीतून बोलण्याचा आवाज आला. हळू, लाडातला. दार अर्धं उघडं होतं. थोरली खाली बसली होती, लेकीएवढी होऊन. बाळ मांडीवर झोपलेलं. लेक दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी. आई सांगत होती, मान ताठ ठेव, खांदा उचलू नको, बोटं जराशी आत घे. लेकीने उजवा हात डोक्यावरून नेला. बोटं कानाजवळ आली.

"बस. तठेच. अजून पुढे नही."

हात कानाच्या दोन बोटं अलीकडे थांबला. पोरीचे डोळे आईवर. आई म्हणाली, "मास्तर म्हनी, अजून ताण. मग काय करशी?" पोरीने तोंड आवळलं, मान लांब केली, हात थरथरवला, डोळ्यांत जीव आणला, आणि बोटं मात्र होती तिथेच. असं सोंग मी नाटकातही पाहिलेलं नाही. आईने तिच्या गालावरून हात फिरवला आणि तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

घागर तिथेच टाकून मी आत घुसले. "अक्का, हे काय चाललंय?"

तिला मुळी धक्काच बसला नाही. पदर सारखा करत म्हणाली, "तुम्हीच त सांगेल व्हतं बाई. रोज दहा मिनिटं पोरजवळ बसा. मी रोज बसस."

बसतच होती. कधी चुकली नाही, कधी रागावली नाही, बरोबर आलं की कौतुक केलं, हातावर गोड ठेवलं. मी सांगितलेला एक शब्द खाली पडू दिला नव्हता तिने. अख्ख्या गावात माझं एकाच माणसाने नीट ऐकलं, आणि ते या कामासाठी. करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

"पोर हुशार आहे हो," मी म्हटलं. "का तिचं वाटोळं करता?"

"हुशार शे म्हनीसनच त इतलं लवकर शिकनी," ती म्हणाली. मग मांडीवरच्या बाळाकडे बघत म्हणाली, "मी निंदनीले जास. याले कोन सांभाळी?"

त्या प्रश्नाने मी आणखीच भडकले. तिच्या नवऱ्याकडे गेले. तो सुपारी कातरत म्हणाला, "पोर शिकीसन काय करी?" मग दुसऱ्या दिवशी घरी जाऊन मास्तरांना गाठलं, सगळं सांगितलं. मुलीचे दात पडलेत, तिला सहा कधीच पुरी झाली, तिला हात अडवायला शिकवलंय. आणि तो लहानगा, त्याचा हात ओढून ओढून सुजवलाय, त्याचं नाव घेऊ नका. मास्तर पान लावत होते. म्हणाले, "बाई, हात पुरला तर पुरला. कुणाचं वय काय, हे मला स्वप्नात येऊन सांगतं का कुणी?"

जून उजाडला. मास्तर यादीचं बाड घेऊन अंगणात आले. खाटेवर बसले, चहा झाला. आधी धाकट्याचा मुलगा. बापाने पाठीत बोट खुपसलं तशी पोराने हात उचलला आणि खांद्यातून कळ आली म्हणून डोकं पार हाताकडे पाडलं. बोटाचं टोक कानाच्या पाळीला लागलं. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी. मास्तर म्हणाले, "पुरला. घ्या नाव." बापाने मिशीवर हात फिरवला. मी तोंडातल्या तोंडात काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग ती. भाऊ कमरेवर होताच. आईने त्याला घेतलं. पोर मास्तरांपुढे जाऊन ताठ उभी राहिली. हात डोक्यावरून गेला. कानाच्या दोन बोटं अलीकडे थांबला.

"अजून ताण," मास्तर म्हणाले.

तिने तोंड आवळलं. मान लांब केली. हात थरथरला. बोटं तिथेच.

"आमनी पोर आखो धाकली शे मास्तर," थोरली म्हणाली.

"मास्तर, खोटं आहे हे!" मी पुढे झाले. "हिचा हात पुरतो! दात बघा तिचे! पुन्हा करायला लावा." मास्तरांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच, एका केसाचा फरक नाही. रोज दहा मिनिटं, तीन महिने. आणि मग माझं डोकं फिरलं. मी तिचा हात मनगटाला धरला आणि ओढला. जोरात ओढला. तिने अंग आकसून घेतलं, खांदा दगडासारखा केला, हात पुढे जाऊ देईना. एवढीशी पोर, पण तिने सगळा जीव लावला माझ्याविरुद्ध. ती "आई गं!" म्हणून ओरडली तेव्हा कुठे मी हात सोडला. मनगटावर माझी चार बोटं उमटली होती.

"काय बाई," मास्तर हसले, "ओढून काय, कुणाचाही पुरेल. पुढच्या वर्षी बघू." बाड मिटून ते शेजारच्या घरी गेले. त्या मुलाचा बाप माझ्याकडे बघून हसत होता, आणि त्याला हसायचा पूर्ण हक्क मीच दिला होता.

अंगण रिकामं झालं. थोरली बाळाला लेकीच्या कमरेवर देऊन विळा घ्यायला आत गेली. पोर तिथेच उभी. डोळ्यांत पाणी, पण चेहऱ्यावर मात्र एखादी अवघड गोष्ट पार पाडल्याची ऐट. मनगट चोळत चोळत ती माझ्याजवळ आली. मी अशी का रागावले, हे काही तिला उमगलं नव्हतं. तिच्या हातून काय चुकलं असेल, तेच तिला बाईंकडून समजून घ्यायचं होतं.

"बाई," ती म्हणाली, "माले बरोबर जमनं ना?"

मी तिच्याएवढी खाली बसले.

"हो," मी म्हटलं. "अगदी बरोबर जमलं."

तशी ती पडलेल्या दातांतून हसली, बाळाला वर सरकवून घेतलं आणि घरात गेली.