बाईंचा दुःखकोश

चष्मा कपाळावर सरकवायचा, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, “याला कुठे बसवायचं गं?” आमच्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिका बाईंना असं म्हणताना तुम्ही ऐकलं असतं, तर घरी पाहुणे आलेत असंच वाटलं असतं. बाई बोलत असायच्या दुःखाबद्दल.

यजमान गेल्यावर बाई एका वेबसाइटवर लिहू लागल्या. आज जेवण गेलं नाही, आज सांत्वन करणाऱ्यांचा राग आला, असं जे होई ते. लोक वाचू लागले, खाली स्वतःचंही लिहू लागले. होता होता त्याचा मोठा ढीग झाला. मी घरी बसून कॉम्प्युटरची कामं करते, म्हणून तो नीट लावायचं काम माझ्याकडे आलं. दुःखात असलेल्या माणसाला हवं ते पान चटकन सापडावं, एवढीच बाईंची अट होती.

मी हुशारीने विभाग पाडले: मृत्यू, आजारपण, विरह. बाई हसल्या. “पोरी, रडणारा माणूस अनुक्रमणिका बघत बसणार आहे का? त्याला काय होऊ राहिलं ते लिही.” मग विभाग झाले ‘घास उतरत नाही’, ‘लोक फार बोलतात’, ‘त्यांच्या कपड्यांचं काय करू’. दुपारी चहा आणि केळीचे वेफर्स घेऊन आम्ही लोकांची दुःखं लावत बसायचो आणि, खोटं कशाला बोलू, मजेत असायचो.

एकदाच बाई भडकल्या. प्रत्येक पानाखाली मी रंगीत अक्षरांत ‘पुन्हा या’ टाकलं होतं. “डोकं ठिकाणावर आहे का तुझं? मयताच्या घरून निघताना कोणी ‘येते’ म्हणतं का? चुपचाप उठून जातात. आणि तू बोलावणं पाठवू राहिली!” मी निमूटपणे सगळं पुसलं.

सगळं लागलं, एकच पोस्ट उरली. यजमान गेले त्या दिवसाबद्दलची, बाईंनी लिहून कुणालाच न दाखवलेली. तिला जागा मिळाल्याशिवाय ही नव्याने लावलेली साइट लोकांसाठी खुली करायची नाही, हा बाईंचा हट्ट. तिकडे मुलगा त्यांना इंदूरला न्यायची घाई करत होता. “रहने दे, उद्या बघू,” असं रोज चाललेलं. एवढं सगळं असंच पडून राहणार, याची मला धास्ती वाटू लागली.

शेवटी बाई म्हणाल्या, “तूच वाच.”

त्या दिवशी आलेल्या बायका रीतीप्रमाणे न बोलता उठल्या होत्या. एक शेजारीण मात्र दारात सवयीने म्हणून गेली, “येते बरं!” सगळ्यांनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी ती खरंच आली, पिठलं-भाकरी घेऊन. मग रोज येत राहिली. बाईंनी शेवटी लिहिलं होतं, ‘ती आली नसती तर मी जेवलेच नसते.’

ती शेजारीण म्हणजे माझी आई, हे बाईंनीच सांगितलं. घरी जाऊन विचारलं, तर मेथी निवडता निवडता ती लाजली. “हां, निघून गेलं तोंडातून. मग म्हटलं, आता बोललीच आहे तर जायला तर पाहिजे ना!”

ते सांगितल्यावर बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग चष्मा कपाळावर गेला. “हिला पहिल्या पानावर बसव. आणि तुझं ते ‘पुन्हा या’ परत टाक. रंग तेवढा साधा ठेव.”

साइट खुली झाली आणि आठवड्याभरात बाई इंदूरला गेल्या. रिक्षात बसताना आईचा हात धरून म्हणाल्या, “येते बरं.” आई रडत रडत हसली. आता त्यांच्या दाराला कुलूप आहे, आणि दुपारचा चहा मला एकटीला गोड लागत नाही.

परवा खकनार गावच्या एका बाईने पहिल्या पानाखाली लिहिलं, ‘कालही आले होते. लिहिण्यासारखं काही नाही. पुन्हा या म्हटलंत म्हणून आले.’

मी बाईंना फोन करून ते वाचून दाखवलं आणि विचारलं, “हिला कुठे बसवू?”

बाईंनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, “कुठे बसवू नको गं. बसू दे तिला.”